निळ्या झाकणाचं औषध

बाबा, सगळं बदललं ते आज सकाळी, एका लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर. तुम्ही झटकायचे तसंच संत्र्याचं पान पत्रिकेवर झटकलं, भिंग लावलं, आणि एव्हाना मेले असायला हवे होते ते रस शोषणारे बारीक किडे, लाल कोळी, आरामात फिरून राहिले होते.

तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून मधलं सांगतो. कॉलेज मी दुसऱ्या वर्षी सोडलं. सरांशी भांडलो, परत गेलोच नाही. आता बेस्यापलीकडची आपली बाग मीच पाहतो. मागच्या वर्षी फळांवर तांबूस खरड दिसली, तेव्हा सक्करदऱ्याच्या कृषी केंद्रातून निळ्या झाकणाचं कोळीनाशक आणलं. पहिल्या फवारणीत कोळी साफ. मग दर वेळी थोडे कमी मरत गेले, आणि या खेपेला तर मेलेच नाहीत. त्या दुकानात मी औषधापेक्षा दुकानदाराच्या मुलीसाठी जायचो, हेही सांगून टाकतो. कॉलेजात माझ्या वर्गात होती, आता संध्याकाळी काउंटरवर बसते. तिच्या बाबांना आमचं कळलं असणार, म्हणून मला मुद्दाम नकली डबा दिला, असं माझ्या डोक्यात बसलं. सोमवारी भरल्या दुकानात ओरडलो, "काका, औषध नाही, पाणी विकून राहिले तुम्ही!"

ते थंडपणे म्हणाले, "काहून बोंबलून राहिला बाबू? त्याच पेटीतला डबा तुह्या शेजाऱ्यानं नेला. त्याची बाग पाहून ये."

"त्याले असली दिला असन, मले नकली!"

तेव्हा ती उठली. "माह्या बाबाले चोर म्हणलं तू. सिद्ध कर, नाहीतर इथंच, अशाच गर्दीत माफी माग. तोवर मले फोन करू नको."

शेजाऱ्याची फळं खरंच चकचकीत होती. मला त्याचाही संशय आला. त्याच्याकडचं उरलेलं औषध मागून आणलं आणि आपल्या एका झाडावर मारलं. मनात म्हटलं, आता पकडतो काकांना. चार दिवस थांबलो, आणि आज ते पान झटकलं. त्याच्या बागेत चाललेलं औषध माझ्या झाडावर चाललं नाही. म्हणजे खोट डब्यात नाही.

मी दहा वर्षांचा असेन. भिंग सापडत नाही, आणि मी आपल्या गड्यावर सरळ चोरीचा आळ घेतो. तुम्ही हातातलं पान खाली ठेवता. "पहिले स्वतःचा खिसा पाह्य गा." भिंग माझ्याच खिशातून निघतं. तुम्ही मारत नाही. मला त्याची माफी मागायला लावता, आणि मग ते भिंग मलाच देऊन टाकता. आज लावलं ते तेच.

मोटरघरात बसून लिहितोय. कोपऱ्यात पाच रिकामे डबे पडलेत, पाचही निळ्या झाकणाचे. दाराच्या आतल्या बाजूला कोळशानं लिहिलेली तुमची यादी आहे, एकेका फवारणीचं एकेक औषध. लागोपाठ दोनदा एकच नाव कुठंच नाही. "तेच ते मारलं का वाचलेल्यायचीच पैदास होते," म्हणायचे तुम्ही. त्या यादीवर मी रेनकोट टांगून ठेवला होता.

तिचा डीपी दोन दिवस दिसत नाही. तिनं ब्लॉक केलं, की काकांनी फोन काढून घेतला? बघा, सवय अजून जात नाही.

एक गोष्ट तिला सांगायची हिंमत होणार नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. दुकानात ओरडत होतो तेव्हाच हे दार माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं. आवाज एवढा चढला तो त्यामुळंच.

कोळसा सापडला. तुमच्या शेवटच्या ओळीखाली त्या औषधाचं नाव लिहिलं, एकाखाली एक, पाच वेळा. संध्याकाळी दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते, तेव्हाच पोचायचंय. हा कागद डब्यांखाली ठेवतो. निघालो. दार ओढून घेतो.