टूलबारवरचे लहानमोठे आयकॉन

प्रति,
मा. प्रमुख, संगणक विभाग,
पाणी तपासणी प्रयोगशाळा

विषय : नोंदणीच्या सॉफ्टवेअरमधील आयकॉन एकाच मापाचे करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले लेखी उत्तर, ‘सर्व आयकॉन समान आकाराचे आहेत.’

महोदय,

१. मी या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ आहे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये ‘सेव्ह’चा आयकॉन मोहरीएवढा आणि त्याला खेटून ‘डिलीट’चा भोपळ्याएवढा दिसतो. नजर मोठ्याकडे जाते, मागोमाग हातही. त्यामुळे विहिरींच्या पाण्याची रीडिंग्ज माझ्या हातून दोनदा पुसली गेली आणि नमुने पुन्हा तपासावे लागले.

२. आपले उत्तर वाचून मी बारीक मापे घेण्याचा व्हर्नियर घेऊन स्क्रीनसमोर बसले. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी म्हणाल्या, “अहो बाई, त्यापेक्षा डोळे तपासून घ्या!” मोजल्यावर कळले की आपणही खरे आणि मीही. प्रत्येक आयकॉनची चौकट सारखीच आहे. पण ‘सेव्ह’च्या चित्राभोवती मोकळी जागा भरपूर सोडली आहे, ‘डिलीट’चे चित्र कडांना टेकले आहे. आपण भांडे मोजलेत, मी त्यातले पाणी.

३. मग मी स्वतःच स्क्रीनवरचे सगळे मोठे करून पाहिले. सगळेच एका पटीत वाढले. अशाने गुणोत्तर बदलत नाही, हे मी प्रयोगशाळेत नव्याने लागलेल्या मुलींना शिकवते. शिवाय टूलबारचे टोक स्क्रीनबाहेर गेले, ‘सेव्ह’ला घेऊन.

४. आता प्रयोगशाळाप्रमुखांनी बजावले आहे की, आणखी एक नोंद पुसली गेली तर तपासणीचे काम काढून मला पत्रव्यवहाराच्या टेबलावर बसवतील. पत्रव्यवहार मला कितपत जमतो, हे आपण एव्हाना पाहिलेच आहे.

५. काल आपल्या तंत्रज्ञांनी फक्त माझ्या कॉम्प्युटरवर चित्रे एका मापाची करून दिली. दिसतात सुरेख. पहिल्याच सराव-नोंदीला मी ‘डिलीट’ दाबले. मोठा तो टाळायचा, एवढी एक खूण होती, तीही गेली. विज्ञान शिकलेल्या माणसाने निष्कर्ष लपवू नये, म्हणून लिहिते : दोष आयकॉनचा होता, पण सगळा नव्हता.

तरी आयकॉन सर्वांसाठी एका मापाचे करावेत, ‘डिलीट’ टूलबारच्या दुसऱ्या टोकाला न्यावा, आणि काही पुसण्याआधी कॉम्प्युटरने एकदा विचारावे, ही विनंती. सराव-नोंदीचे प्रमुखांना तूर्त सांगू नये. मी सांगणारच आहे. नवे आयकॉन जागेवर बसले की.

आपल्या होकाराची वाट पाहणारी,
(सही)
रसायनतज्ज्ञ
दिनांक : १२ मार्च

सोबत : दोन्ही चित्रांची मापे (व्हर्नियरची संभाव्य चूक धरून, माझी धरलेली नाही).