नकलेशीच ताडलेली नक्कल

तात्या, तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली, आणि मी नेमकं काय काम करते ते तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. तुम्ही विचारायचात, मी "कंप्युटरचं" म्हणून विषय संपवायचे. गेल्या महिन्यात कामावर एक गोष्ट घडली. ती सांगायची तर आधी काम सांगायला हवं. लोकांच्या फायली मोठ्या मशिनवर असतात, दवाखान्यांचे रिपोर्ट, शाळांचे दाखले, काहीही. आमचा प्रोग्राम ठरावीक वेळाने त्या सगळ्याचा, त्या क्षणी जसं असेल तसा, स्नॅपशॉट घेतो आणि दुसऱ्या गावातल्या मशिनवर त्याची नक्कल ठेवतो. पहिल्या वेळी सगळं जातं, नंतर दर वेळी मधे बदललेलं तेवढंच. इकडचं मशीन जळालं तर तिकडची नक्कल कामाला येते. प्रोग्राममध्ये कोणी नवीन काही घातलं की जुनं मोडलं तर नाही ना, हे बघायला आम्ही चाचण्या लिहून ठेवतो. त्या आपोआप चालतात. बरोबर असलं की हिरवी खूण, चुकलं की लाल. एकाने लिहिलेल्या चाचण्या दुसऱ्याने वाचून पास करायच्या, आणि ते वाचणं, आम्ही त्याला रिव्ह्यू म्हणतो, माझ्याकडे आहे. तुमच्या कचेरीत प्रत्येक नकलेखाली दोन सह्या असायच्या, एक नक्कल करणाऱ्याची, एक रुजुवात घेणाऱ्याची, म्हणजे नक्कल अस्सलाशी ताडून बघणाऱ्याची. त्यातली दुसरी माझी समजा.

रुजुवात मी एकदा घेतली होती, तुमच्याच टेबलाशी. मी आठवीत, मे महिना, आई सुप्याला कंपनीत पॅकिंगला, म्हणून तुम्ही मला कचेरीत घेऊन गेलेलात. त्या दिवशी तुमचा जोडीदार रजेवर होता आणि काष्टीकडची एक म्हातारी सकाळपासून बाकावर बसलेली. तिला जमिनीच्या जुन्या उताऱ्याची नक्कल आजच हवी होती. तुम्ही नक्कल लिहून काढली, अस्सल रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणालात, "तू वाच, मी ताडतो." मी वाचू लागते. तीच नावं, तेच गट नंबर, पानामागून पान. चौथ्या पानावर मला वाटतं, आता पुढे काय येणार ते मला ठाऊक आहे, आणि मी न बघताच बोलत सुटते. तुमचं बोट नकलेवर थांबतं. तुम्ही रजिस्टर तुमच्याकडे फिरवता, बघता, पुन्हा माझ्याकडे फिरवता.

"कागदावर हाय ते वाच. तुला म्हाईत हाय ते नको."

एवढंच बोललात, पण सगळ्यांसमोर. मी रडायला लागले. तुम्ही पहिल्या पानापासून पुन्हा सुरुवात करायला लावलीत आणि त्यात म्हातारीची एसटी गेली. ती तुमच्यावर भडकली. "एका वळीपायी माजी गाडी घालवली की रं! तू बसलाय खुर्चीत, तुला काय!" तुम्ही ऐकून घेतलंत, सही केलीत, शिक्का मारलात आणि तिला आपल्या घरी घेऊन आलात. आई यायची होती. तुम्हीच स्टोव्ह पेटवला आणि पिठलं केलंत. म्हातारी ओट्याला टेकून खाली बसली, दोनदा पिठलं मागून घेतलं आणि वर म्हणाली, "मीठ लई कमी हाय." तुम्ही हसलात. मी मात्र तुमच्यावर तिच्या वतीने रागावलेली होते. एवढ्या म्हाताऱ्या बाईला थांबवायची काय गरज होती, ओळ तर नकलेत बरोबरच होती. चुकले मी होते, बोलण्यात. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक लाकडी फूटपट्टी आणून दिलीत, वाचताना ओळीखाली धरायला. समजावून काही सांगितलं नाहीत.

आता गेल्या महिन्याचं. मी सुप्यातच राहते, वरच्या खोलीतून काम करते, आठवड्यातून एकदा पुण्याला जाते. ह्यांची कंपनी इथेच, पलीकडच्या रस्त्याला. माझ्या बरोबरीच्या एका सहकाऱ्याने नव्या चाचण्यांचा गठ्ठा माझ्याकडे पाठवला. फाईलचं नाव बदललं तर, फाईल पुसली तर, पाठवता पाठवता मधेच लाईन तुटली तर, असं सगळं त्यात होतं. सगळ्या हिरव्या. शुक्रवारी नवा प्रोग्राम गिऱ्हाइकांकडे जायचा होता. मी दोन दिवस एकेक चाचणी वाचली. बुधवारी दुपारी मी नकलेतल्या एका फाईलमधलं एक अक्षर हाताने बदललं आणि चाचणी चालवली. लाल व्हायला हवी होती. हिरवीच राहिली. दुसरी चालवली, तीही हिरवी. अख्खी फाईल पुसून टाकली, तरी हिरवी.

कारण सापडायला तासभर गेला. सगळ्या चाचण्या, नव्या आणि जुन्याही, ताडून बघायचं काम प्रोग्रामच्या एकाच छोट्या तुकड्याकडे सोपवत होत्या. त्या तुकड्याने एकदा अस्सल उघडायचं, एकदा नक्कल, आणि दोन्ही जुळतात का ते सांगायचं. तो दोन्ही वेळा नक्कलच उघडत होता. नक्कल नकलेशी जुळणारच. आणि तो तुकडा कोणी लिहिला, कधी लिहिला, हे बाजूलाच नोंदलेलं असतं. तीन वर्षांपूर्वी. मी.

दुरुस्ती एका शब्दाची होती. ती मी केली आणि खाली शेरा लिहिला, "किरकोळ दुरुस्ती." तो शेरा माझ्यासमोर बराच वेळ होता. मी खाली जाऊन चहा ठेवला, चहा पिऊन वर आले, शेरा पुसला आणि पुण्याला आमच्या साहेबबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "म्हणजे तीन वर्षांत एकही चाचणी खरी नव्हती?" मी म्हटलं, "ताडून बघणारी एकही नाही." त्या म्हणाल्या, "सगळ्या पुन्हा चालवा. शुक्रवारचं थांबवते मी."

पुन्हा चालवल्यावर दोन लाल झाल्या. एक साधी होती. दुसरी मात्र वाईट. आधी मोठी असलेली फाईल नंतर कोणी छोटी केली, तर नकलेत तिची जुनी शेपटी तशीच राहत होती. गिऱ्हाइकांना कळवावं लागलं. एका रक्त तपासणीच्या लॅबचं मशीन मागच्या वर्षी जळालं होतं आणि त्यांनी आमच्या नकलेवरून सगळं परत घेतलं होतं. तिथल्या बाईंना मी स्वतः फोन केला. त्या म्हणाल्या, "हो, काही रिपोर्टांच्या खाली जुन्या ओळी येत होत्या. आम्ही कागदाशी ताडून पुन्हा टाइप केले. आम्हाला वाटलं, आमचंच काहीतरी चुकलं." कोणाला चुकीचा रिपोर्ट गेला नाही, हे त्यांच्यामुळे, माझ्यामुळे नाही. मी माफी मागितली. त्या "अहो, असू द्या" म्हणाल्या, ते मला जास्त लागलं.

प्रोग्राम पंधरा दिवस उशिरा गेला. पुढच्या कामाची जबाबदारी माझ्याकडे येणार होती, ती आता त्या सहकाऱ्याकडे गेली आहे. ते योग्यच आहे. बैठकीत साहेबबाई सगळ्यांना म्हणाल्या की चूक हिची होती, पण शोधली हिनेच आणि सांगितलीही हिनेच, रिव्ह्यू असा करायचा असतो. सहकाऱ्याने मान डोलावली. मी तुमचं नाव काढलं. म्हटलं, वडील कचेरीत रुजुवात घ्यायचे, त्यांची सवय लागली. सगळ्यांना ते आवडलं.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ती तुमची सवय नव्हती. त्या सोमवारी तो सहकारी चार लोकांत मला म्हणाला होता, "तुमचा रिव्ह्यू म्हणजे नुसतं शुद्धलेखन तपासणं." बुधवारी मी ते अक्षर बदललं, ते त्याच्या चाचण्या कच्च्या आहेत हे दाखवण्यासाठी. मला चूक त्याची सापडायला हवी होती.