तळहाताला कळलेली हाक

प्रिय टिटवे,

फोन सोडून बाबा पत्र लिहितोय म्हटल्यावर तू घाबरली असशील, म्हणून आधीच सांगतो, इथं सगळं ठीक आहे. छापखाना चालू आहे. तुझी आई दिवसभर माझ्यावर करवादते, म्हणजे तिचीही तब्येत उत्तम.

गेल्या सुट्टीत तू तो कपाटाएवढा स्पीकर बाहेरच्या खोलीत आणून ठेवलास. (अजून तिथंच आहे. आई त्यावर इस्त्रीचे कपडे ठेवते.) तेव्हा मी मनात म्हटलं, पोरगी हत्तींच्या गप्पा ऐकायचा पगार घेते आणि वर घरात अडगळ आणते. मग तू त्यावर एका हत्तिणीचा आवाज लावलास. आईला काही ऐकू येईना, मलाही नाही. तू हसून माझा हात धरलास आणि स्पीकरवर ठेवलास. तळहाताखाली बारीक थरथर आली, थांबली, पुन्हा आली. तू म्हणालीस, ही आई आहे, तिचं पिल्लू लांब झाडीत चुकलंय. आपल्या कानांना न कळणारा हा खोल आवाज मैलभर जातो आणि पिल्लू चालता चालता थबकून तिच्याकडे वळतं.

चाळीस वर्षं मी यंत्रावर हात ठेवून कुठला नट ढिला झालाय ते ओळखत आलो, आणि त्यालाच मोठं कसब समजत होतो. तू अख्ख्या कळपाचं बोलणं ओळखतेस. कोण बोलावतंय, कोण घाबरलंय, कोण उगाच कुरकुरतंय. मला तुझा फार अभिमान वाटतो. तोंडावर कधी बोललो नाही, ही माझी जुनी खोड.

आता मुद्द्याचं. फोनवर मी नुसतं ‘बरं, बरं’ करून आईकडे देतो, म्हणून तू तिच्याजवळ रडलीस म्हणे. छापखाना सोडून गेलीस याचा राग मी अजून धरून बसलोय, असं तुला वाटतं. अगं, तो राग केव्हाच विरला. यंत्रांच्या खडखडाटात माझे कान गेलेत. समोर असलीस की ओठांवरून कळतं, पण फोनवर तुझा एक शब्द कळत नाही, आणि हे सांगायची मला लाज वाटत होती. रविवारी फोन कर. आई तो तुझ्या स्पीकरला जोडून देणार आहे. काहीही बोल, पण बोलत राहा. मी त्यावर हात ठेवून बसेन. शब्द नाही कळले तरी माझी पोर बोलतेय, एवढं कळेल.

तुझाच,
कानानं अधू, हातानं शाबूत
बाबा