घोळक्यापुढे दोन पाणके

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून नमस्कार (काल संध्याकाळपासून मला खुर्चीतून उठायलाही भिंतीचा आधार लागतो, तेव्हा वाकलो असं धरून चाल). तुझा गुडघा कसा आहे? तुझ्या लॉन्ड्रीतली नवी इस्त्री अजून पांढऱ्या चादरी पिवळ्या करते का? कंपनीचा माणूस येऊन गेला असेल तर तो काय म्हणाला ते कळव, आणि तो जे म्हणाला त्यावर विश्वास ठेवू नकोस. इकडे माझी प्रकृती उत्तम आहे. म्हणजे पाय सोडून.

काल फोनवर काहीच बोलणं झालं नाही. तू रडत होतीस, मागे एक गिऱ्हाईक आपला कोट मागत होतं, आणि कोट सापडला की नाही हे कळायच्या आत फोन बंद झाला. आज आमच्या अनेक दिवसांच्या शर्यतीतला विश्रांतीचा दिवस. मॅनेजर साहेबांनी सायकलला हातही लावायचा नाही अशी ताकीद दिली आहे, म्हणून खिडकीशी बसून सविस्तर लिहितो. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो: झाल्या प्रकाराचं खापर तुझ्यावर फुटणार आहे.

मागच्या महिन्यात तू मला काय विचारलंस ते आठव. म्हणालीस, इतकी वर्षं टीव्हीवर बघते, तर मला तुझी पाठच दिसते, आणि तीही दुसऱ्याच्या पाठीमागे. तू पुढे गेलास तर होतं काय रे? मी तेव्हा तुला वाऱ्याचं गणित समजावलं. पुढचा माणूस वारा अंगावर घेतो, मागचे त्याच्या आडोशाने फुकट चालतात, म्हणून सगळा घोळका एकत्र जातो. सकाळी चार-पाच जण फुटून पळतात, पण दावं तोडून पळालेलं वासरू संध्याकाळी गोठ्यातच सापडतं. शेवटी रेषेजवळ जोरकस मांड्यांचे लोक काय ती मारामारी करतात. माझं काम वेगळं. मागे टीमच्या गाडीपाशी जायचं, जर्सीत पाठीवर बाटल्या कोंबायच्या आणि घोळक्यातून वाट काढत आपल्या माणसांना नेऊन द्यायच्या. टीममध्ये मला पाणक्याच म्हणतात (पगारपत्रकावर नाव वेगळं आहे, पण ते वाचून कोणी हाक मारत नाही). हे सगळं ऐकून तू म्हणालीस, ते कळलं, पण होतं काय? आणि मला उत्तर देता येईना, कारण मी कधी पुढे गेलोच नव्हतो. तो प्रश्न तेव्हापासून बुटात खडा गेल्यासारखा टोचत होता.

आता काल काय झालं ते. सकाळी पळालेले चौघे शेवट जवळ आल्यावर पकडले गेले, तेव्हा मी मागे गाडीशी होतो. मॅनेजर साहेबांनी खिडकीतून बाटल्या दिल्या आणि सांगितलं की म्होरक्या घोळक्याच्या तोंडाशी आहे, त्याला आधी दे. (म्होरक्या म्हणजे आमचा स्प्रिंटर, ज्याच्यासाठी आम्ही सगळे राबतो. स्वभावाने चांगला आहे, फक्त तहान फार.) मी रस्त्याच्या कडेने जोर काढून पुढे आलो. तोंडाशी पोचलो, तर म्होरक्या नाही. तो कधीच मागे सरकून अंगातलं जाकीट काढत बसला होता, हे मला नंतर कळलं. त्या वेळी घोळका रेंगाळला होता. पळालेले सापडले होते, आता पुढे वारा कोणी घ्यायचा यावर मोठ्या टीमा एकमेकांची तोंडं बघत होत्या. लग्नाच्या पंगतीत पहिला घास कोणी घ्यायचा, तसं. मी मान वळवून म्होरक्याला शोधत होतो, आणि शोधता शोधता लक्षात आलं की माझ्यापुढे कोणीच नाही. नुसता रस्ता. दोन्ही बाजूंना झाडं, मधे पांढरी पट्टी, आणि लांबवर एका पुलाचा कठडा. आत्या, इतक्या वर्षांत मी शर्यतीतला रिकामा रस्ता पाहिलाच नव्हता. मला त्या क्षणी जिंकायचं वगैरे काही नव्हतं, शपथेवर सांगतो. पुलापलीकडे काय आहे ते बघावंसं वाटलं, एवढंच.

आणि मला कोणी अडवलंही नाही. अडवतील कशाला? ज्याची पाठ बाटल्यांनी पोत्यासारखी फुगली आहे तो माणूस शर्यत जिंकायला निघाला आहे असं कोणाच्या डोक्यात येणार? पूल ओलांडला, तेव्हा कानातल्या यंत्रात मॅनेजर साहेब बोलले.

"पाणक्या, कुठे आहेस? म्होरक्याला पाणी हवंय."

"पुढे आहे, साहेब."

"किती पुढे?"

"सगळ्यांच्या."

मग ते म्हणाले, "परत ये." आणि मी ब्रेकला बोट लावतो न लावतो तोच, "थांब. येऊ नकोस."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर इथे देऊन टाकतो. पुढे गेलं की पहिल्यांदा वारा लागतो, तोही थोबाडीत मारल्यासारखा. मग आवाज जातो. घोळक्यात सतत कोणीतरी ओरडत असतं, साखळ्या करकरत असतात. पुढे आपल्याच श्वासाचा आवाज येतो आणि तो इतका मोठा असतो की शेजारी कोणी आजारी माणूस आहे की काय असं वाटतं. आणि लोक आपल्याकडे बघतात. एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी पाठीतली एक बाटली दिली (वजन कमी करायचं होतं, म्हणून वाटेत एकेक वाटत होतो), तर त्यांनी टोपी काढली. आजवर मी कुणाकुणाला पाणी दिलं, टोपी कोणी काढली नव्हती.

तेवढ्यात मागून कोणीतरी धापा टाकत आलं. वळून बघतो तर खोकल्या. खोकल्या तुला ठाऊक नाही. तो दुसऱ्या टीमचा पाणक्या. पहिल्या वर्षी त्याला खोकला झाला होता. खोकला गेला, नाव राहिलं. गेली बारा वर्षं आम्ही दोघे घोळक्याच्या शेपटीला शेजारी शेजारी चाललो आहोत. त्याच्या पोरींचे दात कधी आले ते मला पाठ आहे, आणि तुझ्या इस्त्रीची तक्रार त्याला.

"पुढे कशाला आलास?" त्याने विचारलं.

"बघायला."

"मग मीपण बघतो," तो म्हणाला, आणि माझ्यापुढे जाऊन वारा घेऊ लागला.

आळीपाळीने आम्ही वारा घेतला. त्याचीही पाठ फुगलेलीच होती. मागे घोळक्याला एव्हाना जाग आली होती. मॅनेजर साहेब अंतर सांगत होते आणि ते दर खेपेला कमी होत होतं. एका चढावर मी संपलो. त्याला म्हटलं, तू हो पुढे. त्याने वेग जरा कमी केला आणि माझं चाक त्याच्या चाकामागे येईपर्यंत वाट पाहिली. हे ध्यानात ठेव, आत्या, कारण त्याला या विजयाची गरज माझ्यापेक्षा जास्त होती. पुढच्या वर्षी मला ठेवायचं की नाही हे आमच्या साहेबांनी ठरवलं नव्हतं. त्याची तर अख्खी टीमच या मोसमाअखेर बंद होते आहे.

शेवटचा सरळ रस्ता बाजारपेठेतून जात होता. खोकल्या पुढे, मी त्याच्या चाकाला चिकटून, आणि मागून घोळका असा येत होता की कोणीतरी खिळ्यांचं पोतं फरशीवरून ओढत आणतंय असं वाटावं. दोघांनाही स्प्रिंट मारता येत नव्हती (पाणक्याला वेग लागतो तो मागे जायला). तरी मारली. खोकल्या माझ्यापेक्षा ताकदीचा, तो सायकलभर पुढे गेला. रेष दिसत होती. आणि एकाएकी त्याचे पाय थांबले. मी बाजूने गेलो, रेष ओलांडली, आणि हात वर करायचे असतात हे मला रेषेनंतर आठवलं. आज पेपरात जो फोटो आला आहे त्यात मी मागे वळून बघतो आहे. मी खोकल्याला शोधत होतो. त्याला घोळक्याने रेषेच्या तोंडाशीच गिळलं होतं. तो कितवा आला ते कोणी पाहिलंही नाही.

मग म्होरक्या आला. अभिनंदन करायच्या आधी त्याने माझ्या पाठीत उरलेली एकुलती बाटली काढली आणि घटाघटा प्यायला.

फुलं मिळाली, एक काचेचा पेला मिळाला (धुवायला सोपा आहे, तुझ्याकडे पाठवतो). संध्याकाळी साहेबांनी बोलावून पुढच्या वर्षीचं पक्कं केलं. मी म्हटलं, खोकल्यालाही घ्या. ते म्हणाले, "दोन पाणके ठेवून टीममध्ये काय नदी आणायची आहे?" मी म्हटलं, आज नदी नसती तर पूर आला असता का? यावर ते हसले नाहीत, पण त्यांनी खोकल्याच्या खोलीचा नंबर विचारला. पुढे काय होतं ते बघू.

गुडघ्याला तेल लाव. जिने चढू नकोस.

तुझा भाचा,
पाणक्या

ता. क. खोकल्या म्हणतो की त्याची पोटरी आखडली. असेलही. पण दोन्ही टीमा एकाच हॉटेलात आहेत. काल मी लिफ्टची वाट बघत उभा होतो, तेव्हा तो शेजारच्या जिन्याने दोन दोन पायऱ्या एकदम चढत गेला. मी विचारलं, "पोटरी बरी झाली?" तो म्हणाला, "चालताना दुखत नाही." तुला हे पटतं का?

ता. क. दुसरा. सगळ्या जगाने ती शर्यत पाहिली, मी सोडून. मला फक्त त्याचं मागचं चाक दिसत होतं. तू दुकानात रोजचा टप्पा रेकॉर्ड करतेस ना, तर कालचा पुसू नकोस. शेवटचा भाग सावकाश लावून बघ: त्याचा पाय आखडला, की त्याने सोडलं? आखडला असेल तर लगेच कळव. सोडलं असेल तर इस्त्रीबद्दल लिही.

ता. क. तिसरा. हे लिहीत असताना खोकल्या नेलकटर मागायला आला आणि खांद्यावरून सगळं वाचून गेला. दारात थांबून एवढंच म्हणाला, की त्यालाही ते रेकॉर्डिंग बघायचं आहे. तेव्हा मोसम संपला की आम्ही दोघे चार दिवस तुझ्याकडे येतो. मागची खोली मोकळी कर, कपड्यांची गाठोडी मी आल्यावर हलवीन. आणि टीव्हीसमोर तीन खुर्च्या मांड. आत्या, तू मधल्या खुर्चीत बस.