भावाच्या शब्दाला जामीन

१२ जानेवारी

चि. सोन्या यास ताईचे अ. उ. आ.

फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस, म्हणून आपलं लिहितेच. पत्र तरी तुला मधेच बंद करता येणार नाही.

गल्लीच्या तोंडाशी तुमचं मेट्रो स्टेशन येणार हे नक्की झाल्यापासून इथे कोणाचं कामात लक्ष नाही. मालकाने जुनी इमारत पाडून मोठी बांधायची म्हणून संमतीपत्रं वाटली आहेत. रविवारी सगळे भाडेकरू माझ्या शिवणाच्या दुकानात जमले. चष्मेवाले कापायच्या टेबलावर बसले, इस्त्रीवाली मावशी मशीनच्या स्टुलावर. सायकल दुरुस्तीवाल्याने हाताची घडी घातली ती शेवटपर्यंत सोडली नाही. त्याचं म्हणणं, एकदा बाहेर पडलो की परत आत कोण घेतो? मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. नगररचना खात्यात माझा भाऊ आहे हे मीच मिरवत आले ना इतकी वर्षं! तुला विचारून सांगते म्हटलं.

तेव्हा आडपडदा न ठेवता लिही. नव्या इमारतीत आम्हाला ह्याच गल्लीत दुकानं आणि राहायच्या खोल्या मिळणार का? जेवण वेळेवर करत जा.

माया आहे तशी राहू दे.

तुझी, ताई


२० जानेवारी

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू आवरेना. चष्मेवाले त्या टेबलावर मावले तरी कसे?

आता कामाचं. शहर वाढतंय आणि रस्ते आहेत तेवढेच. प्रत्येकाने गाडी काढली तर कोणीच हलणार नाही. म्हणून स्टेशनपासून पायी जाता येईल एवढ्या टापूत जास्त मजल्यांना परवानगी द्यायची, घरं, दवाखाने, दुकानं सगळं तिथेच आणायचं आणि गाड्या लावायला मुद्दाम कमी जागा ठेवायची, असा आमचा आराखडा आहे. तळमजल्यावर फक्त छोटी दुकानं, वर घरं, आणि दोन्हींत पहिला हक्क जुन्या भाडेकरूंचा. ही ओळ मी स्वतः लिहिली आहे. लिहिताना तुझं दुकानच डोळ्यांपुढे होतं. बांधकाम होईपर्यंत तेवढं शहराच्या टोकाला, तात्पुरत्या इमारतीत काढावं लागेल.

सायकलवाल्याला सांग, हा माझा शब्द आहे. बिनघोर सह्या करा.

तुझा जीव माझ्यावर आहेच, तो असाच असू दे.

तुझा, सोन्या


४ मार्च

चि. सोन्या यास आ.

ह्या तात्पुरत्या इमारतीत येऊन आम्हाला तिसरं वर्ष लागलं. काल जुन्या गल्लीत जाऊन आले. स्टेशन छान झालंय, खोटं कशाला बोलू? नवी इमारतही मान मोडेल एवढी उंच आहे. फक्त तळमजल्यावर एकही दुकान नाही. माझं मशीन होतं तिथून आता गाड्या आत शिरतात. पहारेकऱ्याने हटकलं, कोणाकडे जायचंय म्हणून. मी आल्या पावली परत फिरले.

इथून तुझ्या त्या स्टेशनापर्यंत जायला दोन बस बदलाव्या लागतात, आणि पहिली आली तर आली. जुनं गिऱ्हाईक फ्रॉक शिवायला एवढ्या लांब कशाला येतंय? घरात बसून उशांचे अभ्रे शिवते. तेही एक वेळ सोसलं असतं. पण आम्ही सगळे एकाच इमारतीत आहोत, ते नको झालंय. बसथांब्यावर मी दिसले की सायकलवाला पाठ फिरवतो. त्याने सही माझ्या तोंडाकडे बघून केली होती. इस्त्रीवाली मावशी बोलते, पण पाणी आलं का, एवढंच. ह्या माणसांत माझी उभी हयात गेली रे.

रागावून लिहितेय असं वाटलं तर बरोबर वाटलंय. तुझ्या शब्दाचं काय झालं ते कळव.

ताई


१५ मार्च

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र जिव्हारी लागलं. माझी ओळ आराखड्यात होती, ताई. वरच्या समितीने ती काढली. गाड्यांना जागा नसेल तर महागडी घरं विकली जाणार नाहीत, असं बिल्डरने त्यांच्या गळी उतरवलं. मी विरोध नोंदवला, पण एकदाच. पुन्हा तोंड उघडलं असतं तर मेट्रोच्या दुसऱ्या मार्गाचं काम माझ्याकडे आलं नसतं. तिथे तरी नीट करू, अशी मनाची समजूत घातली.

आता त्या मार्गावरच्या वस्तीत लोक सह्या करायला तयार नाहीत. माझ्यासारख्या अधिकाऱ्यावर कोण विश्वास ठेवणार? तू येऊन चार शब्द बोललीस तर फरक पडेल. सगळं चांगलं झालं असं म्हणू नकोस, शहरासाठी एवढं करावं लागतं असं म्हण. मी गाडी पाठवतो. मग तुझ्या गाळ्याचंही मला वर बोलता येईल.

रागाव, पण परकं करू नकोस.

तुझा, सोन्या


९ एप्रिल

सोन्या,

आशीर्वाद लिहायला विसरलेले नाही.

तुझ्या गाडीची वाट न बघता परवा मीच त्या वस्तीत गेले. सह्या करू नका, एवढंच सांगायचं होतं. बटणं-दोरे विकणाऱ्या एका बाईच्या दुकानात टेकले. शिवणकाम करते म्हटल्यावर तिने चहा मागवला. सह्यांचा विषय काढला तर म्हणाली, त्या गेल्या आठवड्यातच झाल्या. इतके अडून बसला होतात, मग कसं काय, असं विचारल्यावर तुझं कौतुक सुरू झालं. साहेबांनी स्वतः येऊन सभा घेतली म्हणे. पहिल्या स्टेशनासाठी सख्ख्या बहिणीचं दुकान पाडायला लावलं, घरच्यांनाही वगळलं नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्याने बहिणीचं दुकान दिलं तो आपल्याला कशाला फसवेल, असं सगळ्यांना वाटलं आणि त्यांनी कागद देऊन टाकले.

ती बहीण मीच, असं मी म्हटलं. बाई उठून उभीच राहिली. आजूबाजूच्या दुकानदारांना तिने हाका मारून बोलावलं. त्यांनी माझे आभार मानले रे. आणि माझं नवं दुकान कसं चाललंय, ते विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. एकेक जण आपापल्या दुकानात गेला.

त्यांचे कागद तुझ्या टेबलावर आहेत, ते परत दे. माझ्या गाळ्याचं कोणाशी बोलू नकोस. आणि पत्राखाली लोभ मागू नकोस. दिला, तर तोही तू पुढच्या सभेत दाखवशील.

ताई