तीन आठवड्यांत कळवतो

१४ मार्च, संध्याकाळ
निकाल आला. प्रोस्टेटचा कॅन्सर. लिहून टाकलं, झालं. घाबरलो वगैरे नाही.
डॉ. तसेवा म्हणाल्या, ग्लिसनचा आकडा आठ. मी म्हणालो, आमच्या शाळेत सहा म्हणजे पैकीच्या पैकी होते, मला आठ मिळाले. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, इथे दहा म्हणजे सगळ्यात वाईट. पण अजून ग्रंथीच्या बाहेर गेलेला दिसत नाही. दोन रस्ते आहेत. ऑपरेशन करून ग्रंथी काढायची, नाहीतर रेडिएशन आणि जोडीला हार्मोन दाबणारी इंजेक्शनं. तुमच्या बाबतीत दोन्ही चालतील, तुम्ही ठरवा. तीन आठवड्यांत कळवा आणि येताना बायकोला आणा.
मीच ठरवायचं तर यांनी एवढं शिकून केलं काय? असो. एकतीस वर्षं रुसे शहरातल्या लोकांना ड्रायव्हिंग शिकवलं. चौकात निर्णयाला दोन सेकंद मिळतात. इथे तीन आठवडे. चैन आहे.
दोन्काला आत्ता सांगत नाही. आधी ठरवतो, मग एकदम सांगतो. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला.

१६ मार्च
तक्ता केला. डावीकडे ऑपरेशन, उजवीकडे रेडिएशन. ऑपरेशनखाली लिहिलं: लघवी गळणं. आणि ते दुसरं. रेडिएशनखाली: थकवा, पोट बिघडणं. आणि इंजेक्शनांमुळे ते दुसरं.
'ते दुसरं', नवरा-बायकोतलं, दोन्हीकडे आलं. तक्ता फाडला.

२३ मार्च
शेजारच्या गेंचोकडे गेलो. त्याचं हेच ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. एका मित्राबद्दल विचारतोय असं सांगितलं. गेंचो म्हणाला, तुझ्या मित्राला सांग, खोकलो की थोडी गळते, पॅड लावतो. पण खोकायला जिवंत आहे ना, गाढवा! मग त्यानं घरची दारू, राकिया, ओतली. आधी माझा ग्लास भरला.
ऑपरेशन बाद. पॅड लावून मी चौकात जाणार नाही.

४ एप्रिल
मुदत आज संपली. फोन केला नाही. घाईत घेतलेला निर्णय अपघात घडवतो, हे मी हजारो शिकाऊंना सांगितलंय.
क्लिनिकचा नंबर मोबाइलमध्ये 'प्लंबर' नावानं ठेवलाय. दोन्काला संशय नको.

११ एप्रिल
प्लंबरचे तीन फोन. शेवटचा घेतला. तसेवाबाई स्वतः होत्या. म्हणाल्या, काही आठवडे थांबलात तर बिघडत नाही, महिने थांबू नका. मी म्हणालो, आमच्याकडे ईस्टर आहे. त्या म्हणाल्या, आमच्याकडेही आहे, पेन्चेव्हसाहेब.
जवळजवळ ठरलंय. रेडिएशन. फक्त दोन महिने आठवड्यातून पाच दिवस जायचं म्हणतात, आणि मेमध्ये टोमॅटो लावायचे असतात. सेंट जॉर्जच्या सणानंतर नक्की.

७ मे
सण उत्तम झाला. कोकरू मऊ भाजलं गेलं. दोन्कानं दोनदा विचारलं, तुला काही सांगायचंय का? मी म्हणालो, मीठ कमी पडलंय. ती उठून स्वयंपाकघरात गेली, बराच वेळ आली नाही. मीठही आणलं नाही. बायकांना सणात फार दमायला होतं.

२ जून
वाचलं की काही लोक उपचार घेत नाहीत, नुसतं लक्ष ठेवतात. रीतसर पद्धत आहे! म्हणजे मी गेले अडीच महिने उपचारच घेत होतो. बाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, ते सौम्य आजारासाठी, तुमचा सौम्य नाही. आणि लक्ष ठेवायचं तर तपासणीला यावं लागतं. तुम्ही कशावर लक्ष ठेवलंय?
उर्मट वाटल्या. तरी आजपासून रोज मूठभर भोपळ्याच्या बिया.

१९ जुलै
बियांनी फरक आहे. रात्री चारदाच उठावं लागलं. आधीही चारदाच उठत होतो, पण आता बरं वाटतं.
टोमॅटो मुठीएवढे झालेत. एवढं फळ आलेलं झाड सोडून मशीनखाली जाऊन पडायचं?

१५ सप्टेंबर
चटणीसाठी अंगणात मिरच्या भाजल्या. चाळीस किलो. कंबर धरली. क्रेट उचलल्यामुळे. दोन्का म्हणाली, तू एकच क्रेट उचललास, बाकीचे मी उचलले.
हिवाळ्याची बेगमी झाली की ठरवणार. तारीखसुद्धा लिहितो: १ ऑक्टोबर.

१ ऑक्टोबर
रविवार असता तर गोष्ट वेगळी. मंगळवार निघाला. मंगळवारी आमच्याकडे नवीन काही सुरू करत नाहीत.

२६ ऑक्टोबर
क्रेट उचलून सहा आठवडे झाले. कंबर जात नाही. बसलं तरी दुखते, पडलं तरी दुखते. आज बुटाची नाडी बांधता आली नाही. दोन्का खाली बसली आणि बांधली. तिच्या केसांकडे बघत होतो. सांगावंसं वाटलं. तोंड उघडलं आणि म्हणालो, फार घट्ट नको.

१२ नोव्हेंबर
मीच प्लंबरला फोन केला. रक्त दिलं. मार्चमध्ये पीएसए, म्हणजे या आजाराचा रक्तातला आकडा, अठरा होता, आता एकसष्ट. बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. हाडांचा स्कॅन सांगितला.

२१ नोव्हेंबर
हाडांत पसरलाय: माकडहाडाच्या वर दोन ठिकाणी, कमरेत एका ठिकाणी.
मी म्हणालो, ठरलं, ऑपरेशन करा. पॅडचं बघून घेईन. बाई म्हणाल्या, आता ऑपरेशनचा उपयोग नाही, पेन्चेव्हसाहेब. मी म्हणालो, मग रेडिएशन, रोज येतो, रविवारीसुद्धा येतो. म्हणाल्या, दुखण्यासाठी थोडं देऊ. आजार बरा होईल असं आता सांगता येत नाही. दाबून ठेवू, इंजेक्शनं आणि गोळ्यांनी. कायम. अनेकांची त्यावर काही वर्षं बरी जातात.
किती वर्षं, हे मी विचारलं नाही. घरी कसं यायचं ते आठवेना. स्वतःच्याच गावात रस्ता चुकलो.

२२ नोव्हेंबर
दोन्काला सांगितलं. सगळं तयार करून ठेवलं होतं, तीन वाक्यं. पहिल्याच वाक्याला ती म्हणाली, माहीत आहे. एप्रिलपासून. प्लंबरचा फोन वाजला तेव्हा तू बाथरूममध्ये होतास, मी उचलला. पलीकडची मुलगी म्हणाली यूरॉलॉजीतून बोलतेय, तेवढ्यावर मी फोन ठेवून दिला. मग तुझ्या कोटात कागद सापडला.
मी ओरडलो, मग बोलली का नाहीस! सात महिने! ती म्हणाली, रोज वाटायचं, आज सांगशील. कोकरू कापताना वाटलं, मिरच्या भाजताना वाटलं. आणि तू बोलत नव्हतास तोवर मलाही वाटायचं, कदाचित तसं काही नसेलच. माझीपण चूक आहे, झाहारी. मीपण भित्रीच.
मग म्हणाली, लघवी गळेल म्हणून थांबलास? मी म्हणालो, ते, आणि ते दुसरं. तिला आधी कळेना. कळल्यावर ती हसायला लागली, आणि हसता हसता इतकी रडली की गेंचोनं भिंतीवर थाप मारून विचारलं, सगळं ठीक ना?
ती म्हणाली, मूर्खा, मला तू हवा होतास.

२ डिसेंबर
पहिलं इंजेक्शन. पोटात. डास चावल्यासारखं. दोन्का खुर्चीत होती. बाईंनी या वेळी मला काही विचारलं नाही. सही कुठे करायची तेवढं दाखवलं.

९ जानेवारी, दुपार
बाहेर उणे सात. मी बनियनवर बाल्कनीत उभा. अंगातून वाफा निघतायत, मानेवरून घाम. इंजेक्शनांनी बायकांच्या पाळी जाण्याच्या वेळेसारखं होतं म्हणतात. दोन्का बाहेर आली. म्हणाली, साधारण दहा मिनिटं राहतं, मग थंडी वाजते, शाल जवळ ठेव. हे तिला कधी झालं, मी कुठे होतो, मला आठवत नाही. विचारलं नाही.
ती शाल घेऊन थांबली. दहा मिनिटांनी थंडी वाजली.