खाऱ्या पाण्यातला मांडव

बेलापूर,
३० जानेवारी २०२६

ती. अल्पेशदादास नमस्कार.

मी इकडे मजेत. वहिनीचं पित्त उतरलं असेल. दर वर्षी या दिवसांत तू सुका जवळा पाठवतोस. यंदा आला नाही, त्यावरूनच ओळखलं की राग अजून आहे. असू दे. मलाही तो लगेच जायला नकोच आहे.

माघी गणपतीच्या मंडपावरून गावात बरंच चाललंय म्हणे. बहिणीनं भावाचं नाक कापलं. खरं आहे. पण कसं कापलं ते तुला अजून कळलं नसेल, म्हणून लिहिते.

मंडळाचा अध्यक्ष झालास तेव्हा फोन तूच केलास. "बाय, तू एवरी आर्किटेक्ट. मंडप असा कर का हायवेवरना दिसला पायजे." मी म्हटलं, देखावा शहरातल्या खराब हवेचा करू. तुला विषयाशी काय देणंघेणं? फोटो मोठा यायला हवा होता. मी बांबूचा सांगाडा उभा केला, पांढऱ्या मांजरपाटाच्या उंच भिंती ताणल्या, आणि मंडपाचं तोंड ठेवलं तुझ्या खडीच्या यार्डाकडे. उघड्या डंपरांतून दगडाची भुकटी उडते तिकडे. जिथं आपलं मिठागर होतं.

टांगण्याआधी ते सगळं कापड मी खाडीच्या पाण्यात बुडवून घेतलं होतं. तू हात लावून विचारलंस, "ओला कसा लागतो गो?" मी म्हटलं, दव पडलं असेल. आणि तू मान डोलावलीस! आगऱ्याचा पोरगा, मिठागराच्या बांधावर वाढलेला! बाबा ओरडायचे ते विसरलास? "खाऱ्या पान्यान कपरं नको धुवू, ती कवाच सुकत न्हाय." मीठ हवेतला ओलावा ओढत राहतं, कापड चिकट राहतं, आणि त्यावर बसलेली धूळ झटकून जात नाही. तू हे विसरला असशील, या एका गोष्टीवर माझा सगळा मंडप उभा होता.

महाआरतीच्या दिवसापर्यंत भिंती काळपट झाल्या. तू कडक इस्त्रीचा सदरा घालून पाहुण्यांना दाखवत होतास, "बघा, शहराची हवा किती घान झालीय!" मला हसू आवरेना. मग तुझ्याच लेकीनं, प्राप्तीनं, दोरा ओढला. भिंतीवर टाचलेली कापडी अक्षरं गळून पडली. पांढऱ्यावर पांढरी होती, म्हणून आधी कुणाला दिसली नव्हती. त्यांच्याखालचं कापड तेवढं कोरं राहिलेलं.

"दार लाव रं अल्पेश, धूल येते."

शेजारची आवडाबाई रडायलाच लागली. "ही त सगुनाची हाक!" सगळ्या आळीनं ऐकलेली हाक ती. आई खाटेवर धापा टाकत दिवसभर तेच म्हणायची आणि तू यार्डातून हात हलवायचास.

पत्रिकेवर 'जनजागृतीसाठी' असं छापलं होतं. ते लोकांसाठी. मंडप तुझ्यासाठी होता. तुझा चेहरा उतरला तेव्हा मला आनंद झाला, दादा. अजूनही होतो.

आईच्या छातीत धूळ साठलीय असं डॉक्टर तुझ्यासमोर म्हणाले होते. तरी दहाव्याला तू चार माणसांत काय सांगितलंस? "जलमभर चुलीपुरं बसली, दुसरा काय होनार?" म्हणजे चुलीच्या धुरानं तिची तीच मेली. त्याच चुलीवरच्या भाकऱ्या खाऊन तू मोठा झालास. हे बोलताना जीभ कशी झडली नाही तुझी?

त्या दिवशी कावळा शिवेना. तू पुढे होऊन म्हणालास, प्राप्तीचं लग्न चांगलं करीन. तुझ्या धंद्याचंही काही बोललास. कावळा फांदीवरून हलला नाही. मग मी मनात म्हटलं, आई, दार मी लावते.

तेव्हा शिवला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला शब्द दिलाय, तो अजून पुरा झालेला नाही. तुझे डंपर आजही उघडेच धावतात, असं प्राप्ती सांगते. तीही हल्ली रात्री खोकते. तुला ऐकू येत नसेल.

वैशाखात तिची हळद आहे. मांडव आत्यानंच घालायचा, हे तिनं हट्टानं ठरवलंय. तुझ्या अंगणात, यार्डाच्या समोर, सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांसमोर. कापड मी घेऊन ठेवलंय, पांढरंच. डंपरांवर ताडपत्री आणि यार्डाला भिंत दिसली, तर कोरडं टांगीन. नाहीतर खाडी जवळच आहे.

सगुणाची लेक,
मृणाली